विस्तवाची पाळी

माणसांचे फोटो शोधायचे तर देवांच्या पाठीमागे बघावं लागतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या अंबाबाईच्या तसबिरीची काच तडकली. मी ती पिशवीत घालून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी असलेल्या फ्रेमवाल्याकडे नेली. त्यानं पकडीनं मागचे खिळे उपटले, पुठ्ठा उचलला आणि म्हणाला, "बाई, आत आनि एक फोटो हाय. ठेवू का टाकू?"

मी हात पुढे केला. काळापांढरा, कडेला पिवळा पडलेला फोटो. अंगणात बसून सात-आठ बायका जोंधळे पाखडतायत. तिसरी आई. हातात सूप, सुपातले जोंधळे हवेत आणि तिचं सगळं लक्ष त्या हवेतल्या जोंधळ्यांकडे. वय असेल अठ्ठावीस. आईचा तरुणपणचा फोटो जगात कुठे असेल असं मला वाटलंच नव्हतं, आणि तो रोज सकाळी मी जिला हळदकुंकू वाहत होते तिच्या पाठीशी होता. दुकानातल्या स्टुलावर बसून मी रडले. फ्रेमवाल्यानं न विचारता चहा मागवला आणि काचेचे पैसे घ्यायला विसरला, ते मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिले.

माझ्या लहानपणी आम्ही मठात राहत होतो. पन्हाळ्याच्या रस्त्याला, घाट सुरू व्हायच्या अलीकडे, उसाच्या फडांमधून एक गाडीवाट आत जायची, तिच्या शेवटी. मठ म्हणजे नुसतं देऊळ नव्हे. पंचवीस-तीस कुटुंबं, प्रत्येकाला एकेक खोली आणि सगळ्यांना मिळून एक चूल. शेत सगळ्यांचं, गोठा सगळ्यांचा, ताटवाट्या सगळ्यांच्या. वडील वारले तेव्हा मी तीन वर्षांची होते. आई मला घेऊन तिथं आली आणि शिवणाचं मशीन चालवू लागली. मला दुसरं घर आठवतच नाही.

मठात माणसांचे फोटो भिंतीला लावायचे नाहीत असा नियम होता. भिंतीवर देव, माणसं जमिनीवर. पण कोल्हापुरातले एक स्टुडिओवाले मठाच्या महाराजांचे भक्त होते, आम्ही पोरं त्यांना फोटोकाका म्हणायचो. त्यांनी फोटो काढायची परवानगी मागितली तेव्हा महाराज म्हणाले म्हणे, काढा, पण कुणाला उभं करून नको, माणूस आपल्या कामात असू दे. म्हणून आमच्या एकाही फोटोत कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. फोटोकाका महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, तासभर भिंतीला टेकून बसायचे, आणि आपण त्यांना विसरलो की मग खटका दाबायचे. पुढच्या खेपेला ज्याचा फोटो त्याला द्यायचे. आता फोटो टाकवत नाही आणि लावता येत नाही. मग आईनं तो देवीच्या मागे घातला.

आणि आईनंच नाही! हे एकदा लक्षात आल्यावर मला चैन पडेना. मठ मोडून पन्नासएक वर्षं झाली, माणसं पांगली, कुणी वारणानगरला कारखान्यात-दूधसंघात लागली, कुणी पन्हाळ्यात, बरीचशी कोल्हापुरात. पत्ते शोधत, फोन करत मी एकेकाच्या दारात उभी राहू लागले. पिशवीत पकड, बारीक खिळ्यांची पुडी आणि वह्या तपासायच्या दिवसांतलं भिंग. पन्हाळ्यात एका गृहस्थांनी तर मला आधी हातपाय धुवायला लावले, मग उदबत्ती लावली, दत्ताला नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, देवाला पालथं घालायचं म्हंजे जरा जिवावर येतंय. तुम्हीच घाला." मी घातलं. आत त्यांचे वडील निघाले, गोठ्यात, म्हशीच्या पाठीवर पाणी ओतताना. गृहस्थांनी फोटो दोन्ही हातांत घेतला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "ए, इकडं या समदी! आण्णा सापडलं!"

असे एकोणीस फोटो जमले. मी त्यांच्या प्रती काढून घेते आणि मूळ फोटो ज्याचे त्याला परत देते. रात्रंदिवस पुरणारा छंद आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं असतं तरी काय?

फोटो काळेपांढरे, पण मला त्यांतून वास येतात. भांडी घासायच्या दगडाशी बसलेल्या तिघीजणींचा फोटो बघितला की ओल्या राखेचा वास. उन्हात पसरलेल्या सतरंज्यांचा बघितला की गोमूत्र, कापूर आणि पोरांच्या डोक्याचं तेल असा एकत्र वास, कारण त्याच सतरंज्यांवर आरती व्हायची आणि त्यांच्यावरच आम्ही झोपायचो. लिंबाच्या झाडाखाली ओळीनं बसून डोकी भादरून घेणारी मुलं आहेत एका फोटोत. न्हावी एकच, वाटी एकच, सगळ्यांना एकच कट. मागून आम्हाला आमच्या आयाही ओळखायच्या नाहीत. एका फोटोत नुसती पंगत आहे, वाकलेल्या पाठी आणि मधून आमटीची बादली घेऊन पळणारे दोन पाय. त्या आमटीत कांदा-लसूण वर्ज्य. मठ सोडलेल्या प्रत्येकानं कोल्हापुरात पोचल्यावर पहिल्या आठवड्यात काय खाल्लं हे मी सगळ्यांना विचारलं आहे, आणि उत्तर सगळ्यांचं एकच आहे. तांबडा रस्सा म्हणताना त्यांचे आवाज अजून बारीक होतात.

पण एक फोटो नव्हता. चुलीचा. आणि खरं सांगायचं तर तो मिळू नये असंही मला वाटत होतं.

आमची चूल विझत नसे. मूळ महाराजांनी मठ घातला तेव्हा लांबून गाडग्यात घालून विस्तव आणला होता, तोच चुलीत जळत होता, अशी सगळ्यांची श्रद्धा. रात्री निखारे राखेत पुरायचे, पहाटे उकरून फुंकायचे. समईची वात त्याच विस्तवावर पेटायची, बंब त्याच्यावर, उदबत्ती त्याच्यावर. मठात काडेपेटी आणायची सक्त मनाई. पाहुणे आले की फाटकापाशी तात्या त्यांना थांबवायचे. तात्या म्हणजे फाटक राखणारे, एक पाय अधू असलेले, आवाज मात्र फडातल्या माणसाला ऐकू जाईल असा. "पावणं, इडीकाडी हितं ठेवा आनि मग आत जावा!" फाटकाच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात काडेपेट्या मांडून ठेवलेल्या असत. परतताना मात्र रोज भांडण. कुणाची तरी पेटी नाहीशी झालेली असायची. तात्या म्हणायचे, "ही घ्या की दुसरी! काडीला काय नाव लिवलंय का तुमचं?" आम्हा पोरांना त्याची फार मजा वाटे. पेट्या जातात कुठं, हा विचार मात्र कुणी केला नाही.

दुपारी बायका शेतात जात तेव्हा चुलीपाशी मुलांची पाळी असायची. विस्तवाची पाळी. मधूनमधून लाकूड आत सरकवायचं, शेणी धुमसत ठेवायची आणि जागचं हलायचं नाही. स्वयंपाकघर होतं आक्कांचं. आक्का उंच, काळ्यासावळ्या, कोपरापर्यंत पिठाचे हात. शंभर माणसांच्या भाकरी त्यांच्या नजरेखाली व्हायच्या आणि त्यांनी नुसतं "कुनाची पाळी?" म्हटलं तरी पोरं सरळ बसायची. माझी पाळी गुरुवारी असे. मी नऊ वर्षांची होते आणि मला त्या पाळीचा इतका अभिमान होता की बुधवारी रात्री झोप लागत नसे.

थंडी सरत आली होती, दुपारी ऊन चटके द्यायचं. शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं. तो वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. उकळणाऱ्या रसाचा गोड, जडसर वास दुपारभर उन्हात तरंगत होता. मळेकऱ्यानं मठाला रस प्यायला बोलावलं आणि सगळे गेले. आक्का गेल्या, आई गेली, तात्यासुद्धा काठी टेकत गेले. मी एकटी चुलीपाशी. लांबून पोरांचे आवाज येत होते. मी लाकूड आत सरकवलं आणि स्वतःला म्हटलं, पटकन जाऊन येते.

काकवी गरम होती. उसाच्या चिपाडावर घेऊन चाटायची. मी काहिलीच्या मागच्या बाजूनं गेले, कुणाला दिसणार नाही अशी, आणि गुळव्यानं मला एकदा दिली, दोनदा दिली. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. परत आले तेव्हा चुलीत पांढरी राख होती. मी बोटांनी उकरली. वरची राख कोमट, खाली गार. एक ठिणगी नाही.

मला आठवतं की पहिल्यांदा मला काहीच वाटलं नाही, फक्त कानात शांत झालं. मग मी धावले. अनवाणी, तापलेल्या फुफाट्यातून, फाटकापर्यंत. कोनाड्यातली एक पेटी उचलली, हातातल्या चिपाडासकट तशीच परत आले. पहिली काडी मोडली. दुसरी विझली. तिसरीनं चिपाड पेटलं, त्यावर शेणी, त्यावर काटक्या. पेटी पळत जाऊन परत ठेवली. सगळे आले तेव्हा चूल धडधडत होती आणि आक्का म्हणाल्या, "शाब्बास."

त्या 'शाब्बास'नं माझं आयुष्य नासवलं असं म्हणणं जास्त होईल, पण थोडंसं नासवलं. त्या संध्याकाळी पंगतीला मी पोट दुखतंय म्हणून जेवले नाही. शंभर माणसं माझ्या खोट्या विस्तवावरचं अन्न खात होती आणि वर गुऱ्हाळातून आलेली काकवी वाढली जात होती. पुढच्या उन्हाळ्यात पहिलं कुटुंब मठ सोडून गेलं. मग दुसरं. आक्कांनी स्वयंपाकघर सोडलं. तीन-चार वर्षांत पंगतच उरली नाही आणि आई मशीन बैलगाडीत घालून मला कोल्हापुरात घेऊन आली. मोठी माणसं कारणं बोलत असतील, माझ्या कानावर ती आली नाहीत. मला कारण ठाऊक होतं. मी आईलाही सांगितलं नाही. काकवी मात्र त्यानंतर तोंडात घातली नाही. सासरी, शाळेत, डोहाळजेवणात, कुणी वाढायला आलं की मी वाटीवर हात ठेवून नको म्हणायची. लोक समजत मला गोड आवडत नाही.

आक्का हयात आहेत आणि वारणानगरला मुलाकडे असतात, हे मला फोटो गोळा करायला लागल्यापासून माहीत होतं. तरी दीड वर्ष मी बाकीची सगळी घरं पालथी घातली आणि तिकडे गेले नाही. चुलीचा फोटो असलाच तर त्यांच्याकडेच असणार. शेवटी विसावा फोटो मिळेना तेव्हा गेल्या माघात एसटीत बसले. ठरवलं होतं, फोटो मागायचा आणि सगळं सांगून टाकायचं. नव्वदीच्या घरातल्या बाईला हे सांगून तिची म्हातारपणाची झोप घालवायची का, हाही प्रश्न होताच. वाठारपर्यंत मी तीनदा उतरायचं ठरवलं.

कामगारांच्या वसाहतीतलं बैठं घर. आक्का पडवीत खाटेवर बसल्या होत्या, तेवढ्याच ताठ. डोळे मात्र दुधाळ झालेले.

"कोन आलंय?"

"आक्का, मी. मठातली. शिवणवाल्या इंदूची मुलगी."

"इंदूची पोर?" त्यांनी हात पुढे करून माझं तोंड चाचपलं. "आनि इतकी वर्सं कुटं मेलतीस गं?"

मी त्यांच्याशेजारी खाटेवर टेकले. मी फोटोंचं सांगितलं. आक्का हसल्या. "हाय की. त्या इठोबाच्या मागं. दिसत हुतं तवर मी कवा काढाय गेलो न्हाय, आता काढून काय बघू? तू बघ आनि मला सांग." कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. शाळेत मी जन्मभर मुलींचं ते दुरुस्त करत आले, आणि आक्कांच्या तोंडून ते ऐकायला आपले कान किती आसुसले होते ते आता कळत होतं.

सुनेनं विठोबा उतरवून दिला. मी खिळे काढले. एक खिळा खाटेखाली गेला. पुठ्ठा उचलला आणि आत चूल होती.

आक्का वाकून फुंकणीनं फुंकतायत, गाल फुगलेले. परातीत पीठ. आणि चुलीच्या या बाजूला, पाटावर, दोन वेण्या घातलेली मी. हात मांडीवर, मान ताठ, नजर चुलीत. त्या गुरुवारनंतर मी अशीच बसायची, विस्तवावरची नजर हलवायची नाही. फोटोत दिसेल ते मी आक्कांना सांगत गेले. त्या मान हलवत होत्या. मग मी भिंग लावलं. माझ्या मागच्या भिंतीत एक लहान देवळी होती, तिच्यात मिठाचा सट आणि सटाला टेकून एक छोटी चौकोनी वस्तू. मी फोटो उजेडात नेला. परत आणला.

"आक्का," मी म्हटलं, "इथं काडेपेटीसारखं काहीतरी दिसतंय."

आक्कांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "कुटं हाय? वरच्या फळीवर का खालच्या देवळीत?"

"खालच्या. मिठाच्या सटापाशी."

"मग त्यो फोटो गुऱ्हाळाच्या नंतरचा."

मी भिंग खाली ठेवलं. आक्काच बोलू लागल्या, अगदी भाकरीचं पीठ किती घ्यायचं ते सांगावं तशा. "अगं, इझायचा की त्यो इस्तू! सारखा इझायचा. पावसाळ्यात तर इचारू नगंस, वली लाकडं, काय करनार? माझ्या आदी थोरल्या काकू चूल बघायच्या, त्येंनी मला फळीवर हळदीच्या डब्यामागं पेटी दावलीवती. कुनाला सांगायचं न्हाय म्हनल्या. मी बी न्हाय सांगितलं. एकदा म्हाराज म्हनलं, आक्का, आज आमटीला वास येगळा येतोय. मी म्हनलो, हिंग जादा पडला असंल."

"म्हणजे फाटकातल्या पेट्या..."

"आनि काय! तात्या बिचारा पावण्यांच्या शिव्या खायाचा. त्यो बी नेत हुता म्हना, इडीला."

मी विचारलं, "तुम्हाला माझं कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? चुलीत चिपाडाची राख. आपन कवा चिपाडं घालत होतो चुलीत? आनि सांजंला तू जेवली न्हाईस. नऊ वर्साचं पोर काकवीला नगं म्हनतंय, तवाच मी समजलो."

"मग बोलला का नाहीत, आक्का?"

"बोलून माझंच उघडं पडलं असतं की!" त्या मोठ्यानं हसल्या, मग हसू थांबलं. "तुझं पाय बघितलं मी त्या दिशी. फोड आलंवतं. म्हनलं, पोर ह्या उनात फाटकापतुर पळत गेली. म्हनून दुसऱ्या दिशी पेटी फळीवरनं काढली आनि खाली ठिवली. तुझा हात पोचावा म्हनून. तुला कवा दिसली न्हाय?"

मी फोटोकडे बघितलं. पेटी माझ्या खांद्यामागे होती, हातभर अंतरावर. मान वळवली असती तरी दिसली असती.

"नाही, आक्का," मी म्हटलं. "मी चुलीकडंच बघत होते."

"खुळी," आक्का म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला, आणि तो पडायला चौपन्न वर्षं लागली होती. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आतून सून बघायला आली की या बाईंना झालं काय. मी विचारलं, मग मठ मोडला कशानं? आक्कांनी हात हलवला. "पोरं शिकली, नोकऱ्या लागल्या. मानसं जात्यात की गं. माझं डोळं धुरानं गेलं, मी उठलो चुलीपासनं." एवढंच. जी गोष्ट मी जन्मभर माझ्या नावावर लावून घेतली होती तिच्यात माझं नावच नव्हतं. इतकं हलकं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

फोटो मी प्रतीसाठी पिशवीत घातला, विठोबाला परत खिळे मारले. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. गाळपाचे दिवस, हवेत तोच गोड, जडसर वास होता. इतका वेळ तो आला नव्हता की मी घेतला नव्हता, कोण जाणे.

आक्का आत तोंड करून म्हणाल्या, "अगं, हिला जेवाय वाढ. त्या दिसापासनं उपाशी हाय ही."

सुनेनं ताट आणलं. भाकरी, वांग्याची भाजी, आणि मग वाटी घेऊन वाकली. "काकवी हाय घरची. चालती का तुमास्नी?"

आक्का कान देऊन बसल्या होत्या. माझा हात सवयीनं वाटीकडे गेला, आणि मी तो मांडीवर घेतला.

"वाढा," मी म्हटलं.